सावलीचे रूपक आणि सुरेशबाबू माने

कलेच्या इतिहासात नात्यागोत्यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे कलेच्या समीक्षेत त्यांना देता येत नाही, हे तत्त्व म्हणून सर्वांस मान्य असते. व्यवहारात मात्र ते क्वचितच पाळले जाते. एकाच घरात दोन कलावंत जन्मास आले आणि त्यांपैकी एकाला अधिक कीर्ती लाभली, की दुसऱ्याविषयी लिहिताना समीक्षकाची लेखणी आपोआप एका ठरीव रूपकाकडे वळते. तो दुसरा कलावंत पहिल्याच्या 'सावलीत' राहिला, असे म्हटले जाते. ह्या रूपकात सहानुभूती असते, आणि ती खोटीही नसते. परंतु सहानुभूती हा मूल्यमापनाचा पर्याय होऊ शकत नाही. सावलीत असलेल्या वस्तूचा आकार दिसत नाही, तिचे अस्तित्व केवळ जाणवते. म्हणून 'सावलीत राहिला' असे म्हणणे म्हणजे 'त्याच्याकडे पाहिलेले नाही' असे म्हणणे होय, आणि हा दोष त्या कलावंताचा नसून पाहणाऱ्याचा असतो. मराठी संगीताच्या संदर्भात ह्या दोषाचे सर्वांत ठळक उदाहरण सुरेशबाबू माने यांचे आहे.

किराणा घराण्याला ज्या गावावरून नाव मिळाले ते कैराना हे गाव उत्तर प्रदेशातील शामली जिल्ह्यात आहे, आणि आज तो जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. दिल्लीच्या सान्निध्यातील ह्या गावची गायकी तिथून फार दूर, बडोदे, मिरज, पुणे, मुंबई आणि धारवाड ह्या पट्ट्यात रुजली व बहरली, हा भारतीय संगीताच्या इतिहासातील एक विलक्षण स्थलांतराचा प्रसंग आहे. त्याचे प्रमुख निमित्त अब्दुल करीम खाँ. बडोद्याच्या दरबारी असताना ताराबाई माने यांच्याशी त्यांचा संबंध जुळला. दोघांनी बडोदे सोडले. आणि त्यांना झालेल्या पाच मुलांपैकी वडील मुलगा अब्दुल रहमान याचा जन्म १९०२ साली झाला. त्याच्या पाठची मुलगी चंपाकली, जन्म १९०५. पुढे १९२० च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या आणि मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, आणि सर्वांत धाकटी सकीना पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून प्रसिद्धीस आली. एकाच आईबापांच्या मुलांना तीन निरनिराळी आडनावे लाभावीत आणि पित्याचे नाव एकाच्याही नावात राहू नये, ही घटना केवळ कौटुंबिक नाही. परंपरा नावातून चालत नसते, ती गळ्यातून चालते, याचा तो पुरावा आहे.

सुरेशबाबूंविषयी लिहिताना 'हिराबाईंचे वडील बंधू' हे विशेषण प्रथम येते आणि बहुधा तेच शेवटचे ठरते. परंतु नुसता कालक्रम तपासला तरी सावलीचे रूपक डळमळू लागते. हिराबाईंना आरंभीची तालीम सुरेशबाबूंनी दिली. पुढे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्या शिकल्या, आणि त्या शिक्षणाने त्यांच्या गाण्याला विलंबित बढतीची शिस्त आली. परंतु गळ्यावर स्वराचा पहिला संस्कार झाला तो भावाच्या तालमीत. जो पुढे उभा राहून दिवा दाखवतो त्याची सावली मागे पडते. मागच्याची सावली पुढच्यावर पडत नाही. तेव्हा येथे सावली कोणाची आणि कोणावर, हा प्रश्न रूपक वापरणाऱ्यांनी स्वतःला विचारावयास हवा होता.

मात्र ह्या ठिकाणी एका उलट अन्यायापासून सावध राहिले पाहिजे. उपेक्षित कलावंताचा कैवार घेणाऱ्या लेखनाला प्रसिद्ध कलावंताचे मोल कमी करण्याचा मोह पडतो. हिराबाईंचे गाणे म्हणजे भावाचे उसने गाणे, असे सूचित करणे हे सत्याला धरून होणार नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीतील आर्तता हिराबाईंनी घेतली, पण तिचे रूपांतर त्यांनी एका निर्मळ, संयमी, प्रसन्न भावात केले. हे रूपांतर त्यांचे स्वतःचे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कुलीन समाजाने ज्या काळी गाणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठा नाकारली होती त्या काळी त्या जाहीर मैफलीत, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे गायल्या. रंगभूमीवरही ह्या भावंडांच्या नूतन संगीत नाटक मंडळीने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याचा पुरस्कार केला. हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० साली पद्मभूषण मिळाले, त्यामागे कंठमाधुर्याबरोबर हे सामाजिक कर्तृत्वही होते. जे बहिणीने केले ते भावाला करता आले नसते. कारण बंद होते ते दार स्त्रीसाठी बंद होते. म्हणून दोघांची एकाच मापाने तुलना करून एकास मोठे व दुसऱ्यास लहान ठरविणे हीच मूळ चूक आहे.

ह्या चुकीचे स्वरूप अधिक स्पष्ट होण्यासाठी संगीताच्या एका सर्वस्वी भिन्न प्रांताकडे वळणे उपयोगी ठरेल. एका सहस्रकापूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडलेल्या आणि आजही आर्यभारतीय कुळातील भाषा बोलणाऱ्या रोमा लोकांमध्ये जन्मलेला जँगो राइनहार्ट (१९१०–१९५३) हा जॅझ संगीतातील एक थोर गिटारवादक मानला जातो. १९२८ सालच्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, आणि उरलेल्या बोटांनी त्याने वादनाचे नवे तंत्र निर्माण केले. १९३४ साली पॅरिसमध्ये जो प्रसिद्ध पंचक वाद्यवृंद स्थापन झाला त्यात जँगो, व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, एक डबल बास आणि लयीसाठी दोन गिटारी होत्या. त्या दोन गिटारींपैकी एक जँगोच्या धाकट्या भावाची, जोसेफची (१९१२–१९८२) होती. ह्या वृंदात ढोल नव्हता, तालवाद्य कोणतेच नव्हते. सारी लय त्या दोन गिटारींच्या तारांवरील नियमित आघातांतून उभी राहत असे. जोसेफविषयी लिहिले जाते ते 'जँगोचा भाऊ' म्हणून. परंतु त्या ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकल्या म्हणजे जँगोच्या स्वैर कल्पनाविलासाला ज्या जमिनीचा आधार आहे ती जोसेफ व त्याचा सहकारी यांनी धरून ठेवलेली आहे, हे कानाला कळते. जमीन काढून घेतली तर नर्तकाचे पदन्यास कशावर पडावयाचे?

तथापि जोसेफचे आणि सुरेशबाबूंचे भाग्य एका बाबतीत अगदी निराळे आहे. जोसेफची साथ आणि जँगोचे वादन ही एकाच तबकडीत कायम झालेली आहेत. श्रोत्याने कान थोडासा वळविला की धाकटा भाऊ ऐकू येतो. शिवाय जँगोच्या मृत्यूनंतर जोसेफने स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रणेही केली. सुरेशबाबूंचे काम असे एका जागी सापडत नाही. ते तालमीच्या खोलीत झाले, आणि तालमीच्या खोलीत ध्वनिलेखनाचे यंत्र नव्हते. जँगो आणि सुरेशबाबू हे दोघेही १९५३ सालीच निवर्तले. एकाचे संगीत तबकड्यांच्या रूपाने मागे राहिले, दुसऱ्याचे माणसांच्या रूपाने.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे दुसरे एक उदाहरण सहज आठवेल. केशवसुत आणि मोरो केशव दामले हे सख्खे भाऊ. केशवसुतांची कीर्ती आधुनिक मराठी काव्याचे जनक म्हणून. मोरो केशवांची 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) ह्या ग्रंथाचे कर्ते म्हणून. पहिल्याच्या मानाने दुसऱ्याचे नाव सामान्य वाचकाला अपरिचित आहे, हे खरे. पण व्याकरणाचा अभ्यासक तो ग्रंथ उघडतो तेव्हा तो केशवसुतांच्या भावाचा ग्रंथ म्हणून उघडत नाही; विभक्तीचा अगर प्रयोगाचा प्रश्न सोडविण्यासाठी उघडतो. ग्रंथ स्वतःच्या पायांवर उभा आहे, म्हणून नाते तेथे चरित्राच्या तळटिपेत जाऊन बसते. शब्दकलेला व शास्त्राला छापील पानाचे हे संरक्षण आहे. गायकाला ते नाही. आणि जो गायक प्राधान्याने गुरू आहे त्याला तर मुळीच नाही. सुरेशबाबूंची उपेक्षा ही त्यांच्या गुणांच्या कमतरतेचे फळ नसून माध्यमाच्या स्वभावाचे फळ आहे, हे यावरून लक्षात यावे.

आता प्रश्न असा की, अशा कलावंताचे मूल्यमापन करण्याचे साधन मराठी समीक्षेपाशी आहे काय? मराठी सौंदर्यविचाराला गेल्या शतकात सर्वांत मोठा धक्का मर्ढेकरांनी दिला. कलाकृती ही एक स्वयंपूर्ण रचना असून तिचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांनी सिद्ध होते, हा त्यांचा सिद्धांत. आकाशवाणीच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या ह्या कवीचे १९५६ साली दिल्लीत निधन झाले, आणि 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या ग्रंथास त्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मर्ढेकरांच्या विचाराचा मोठा उपकार असा की, कलावंताचे चरित्र, त्याचे कुल, त्याचे दुःख ह्यांचा कलाकृतीच्या मोलाशी संबंध नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. 'हिराबाईंचे बंधू' ह्या विशेषणाला त्यांच्या समीक्षेत जागाच उरत नाही. परंतु हाच विचार सुरेशबाबूंच्या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबतो. कारण तो गृहीत धरतो ती सिद्ध, संपूर्ण, समोर असलेली कलाकृती येथे हाती लागत नाही. येथे आहे ती एक प्रक्रिया. षड्ज लावून घेणे, एका स्वरावर शिष्याला थांबविणे, पलटा पुन्हा म्हणावयास लावणे, रागाचे अंग चुकले तेथे न बोलता स्वतः गाऊन दाखविणे, ही कृती कलेत गणावयाची की कलेच्या पूर्वतयारीत? सौंदर्यशास्त्राने ह्या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही, कारण त्याने तो विचारलेलाच नाही.

तालमीचे फळ शिष्यांत दिसते, एवढे सर्वमान्य आहे. म्हणून सुरेशबाबूंच्या शिष्यवर्गाकडे पाहणे हा एक मार्ग उरतो. हिराबाई व सरस्वतीबाई ह्या बहिणी; माणिक वर्मा; प्रभा अत्रे; ज्यांच्या अनेक गुरूंत सुरेशबाबूंची गणना होते ते वसंतराव देशपांडे; आणि 'घरंदाज गायकी' (१९६१) ह्या ग्रंथाने मराठी संगीतसमीक्षेला शास्त्रीय बैठक देणारे वामनराव देशपांडे. ही नावे एका ओळीत मांडली की प्रथम जाणवते ती त्यांच्यातील भिन्नता. माणिक वर्मांच्या गळ्यातील भावगीताचे लालित्य, प्रभा अत्रे यांची सरगमवरील बुद्धिनिष्ठ पकड, वसंतरावांचा उसळता, अनपेक्षित वळणे घेणारा कल्पनाविलास, हिराबाईंची शांत प्रसन्नता, आणि वामनरावांची विश्लेषक दृष्टी. साचा एक असता तर मूर्ती अशा निरनिराळ्या घडल्या नसत्या.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, ह्या शिष्यांपैकी बहुतेकांनी एकाहून अधिक गुरूंकडे शिक्षण घेतले. तेव्हा कोणता गुण कोणाकडून आला हे ठरविणे अशक्य आहे. दुसरा असा की, शिष्यांची भिन्नता ही गुरूच्या औदार्याची खूण असेल, तशीच ती गुरूच्या प्रभावाच्या दुबळेपणाचीही असू शकेल. पहिल्या आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही, आणि ते होते असे भासविणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. गुणांची वाटणी वारसाहक्काच्या कागदाप्रमाणे करता येत नाही. परंतु दुसऱ्या आक्षेपाला उत्तर आहे. प्रभाव दुबळा असता तर शिष्य केवळ भिन्न झाले असते. त्यांच्यात समान असे काही उरले नसते. येथे तसे झालेले नाही. स्वराचा लगाव ही ह्या सर्वांतील समान भूमी आहे. स्वर फेकून न देता तो उचलून ठेवणे, त्याच्या आजूबाजूच्या सूक्ष्म श्रुतींना जागे करीत त्याच्यापर्यंत पोहोचणे, आणि पोहोचल्यावर घाई न करणे, ही वृत्ती ह्या भिन्न गळ्यांत पुन्हा पुन्हा भेटते. वसंतरावांसारख्या चंचल प्रतिभेच्या गायकाचे गाणे जेथे क्षणभर स्थिर होते, तेथेही ती भेटते.

वामनराव देशपांड्यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय ह्या दोन टोकांच्या मध्ये केली, आणि किराण्याला स्वराच्या टोकापाशी बसविले. ह्या मांडणीवर अनेक मतभेद झाले. परंतु तिच्या मुळाशी असलेला अनुभव कोठून आला, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. ज्याने किराण्याची तालीम सुरेशबाबूंपाशी बसून घेतली त्याला स्वर हे एक टोक म्हणून दिसावे, हे स्वाभाविक आहे. तत्त्व ग्रंथात अवतरण्यापूर्वी ते तंबोऱ्यापाशी अनुभवास आलेले असते. तसेच सरगमचे. अब्दुल करीम खाँ यांनी कर्नाटक पद्धतीकडून प्रेरणा घेऊन सरगमला ख्यालगायनात स्थान दिले, आणि त्यांच्या पुत्राच्या शिष्येने, प्रभा अत्रे यांनी, पुढे सरगम हाच आपल्या संशोधनप्रबंधाचा विषय केला. आजोबांचा प्रयोग नातवंडाच्या पिढीत शास्त्र होतो. मधल्या पिढीचे नाव ह्या प्रवासात घेतले जात नाही, कारण मधली पिढी पूल असते आणि पुलावरून जाणाऱ्याची दृष्टी पैलतीरावर असते. सुरेशबाबूंच्या निधनानंतर प्रभा अत्रे यांचे शिक्षण हिराबाईंकडे पुढे चालू राहिले. ज्या बहिणीला भावाने शिकविले तिनेच भावाची अपुरी राहिलेली तालीम पुढे चालविली, हे 'सावलीच्या' रूपकाने ज्याचे कधीच वर्णन होऊ शकणार नाही असे नाते आहे.

सुरेशबाबू केवळ गुरू होते, असा मात्र ह्यावरून ग्रह करून घेऊ नये. ते स्वतः मैफलीचे गायक होते. रंगभूमीवर त्यांनी काम केले. प्रभात कंपनीच्या, शांतारामांनी दिग्दर्शित केलेल्या 'अमृतमंथन' (१९३४) ह्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. त्यांच्या गायनाची जी मोजकी ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत ती ऐकताना बहिणीचा आवाज आठवू न देणे ही श्रोत्याची पहिली जबाबदारी आहे, आणि ती अवघड आहे. ती पार पाडली म्हणजे काय ऐकू येते? पित्याच्या आवाजातील करुण धार येथे बोथट झालेली नाही, पण तिचा वापर काटकसरीने केलेला आहे. ठुमरी गाताना बोलाला वळण द्यावयाचे ते हळुवारपणे, पुढच्या जागेची चाहूल लागते न लागते तोच तेथे पोहोचावयाचे, आणि आपण पोहोचलो हे श्रोत्याच्या ध्यानात आणून देण्याचा प्रयत्न करावयाचा नाही, असा हा स्वभाव आहे. हे गाणे श्रोत्याला जिंकण्यासाठी पुढे येत नाही; श्रोत्यानेच त्याच्याजवळ जावे लागते. मैफलीच्या व्यवहारात हा गुण पुष्कळदा उणीव ठरतो. समीक्षेच्या व्यवहारात तो तसा ठरण्याचे कारण नाही.

अशा कलावंतांभोवती स्वभावकथांचे एक जाळे विणले जाते. तो अबोल होता, व्यवहारात कच्चा होता, कीर्तीविषयी उदासीन होता, असे सांगून त्याच्या अप्रसिद्धीचे स्पष्टीकरण दिले जाते. ह्या कथा खऱ्या असोत वा नसोत, त्या समीक्षेच्या कामाच्या नाहीत. अबोल माणसे प्रसिद्ध झालेली आहेत आणि व्यवहारचतुर माणसे विस्मृतीत गेलेली आहेत. स्वभावाने अप्रसिद्धीचे कारण कदाचित सांगता येईल. कलेचे मोल सांगता येणार नाही.

१९५३ हे वर्ष ह्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत दिल्लीत संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. स्वतंत्र भारताच्या राजधानीने संगीताला राष्ट्रीय प्रतिष्ठा देण्याचा आरंभ केला. त्याच वर्षी पुण्यात, अब्दुल करीम खाँ यांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. आणि त्याच वर्षी सुरेशबाबू गेले. संस्था, पुरस्कार आणि महोत्सव यांच्या युगाचा आरंभ होत असता हा कलावंत त्या युगाच्या उंबरठ्याबाहेर राहिला. यात संस्थांचा दोष नाही. सन्मान हा बहुधा हयात कलावंताचा आणि व्यासपीठावर दिसलेल्या कलेचा होतो. परंतु संस्थांची स्मृती जेथे थांबते तेथे समीक्षेची स्मृती सुरू व्हावयास हवी. अन्यथा समीक्षा म्हणजे सन्मानपत्रांचा दुसरा खर्डा ठरेल.

तेव्हा सुरेशबाबूंचे स्थान कोणते? अब्दुल करीम खाँ यांच्याप्रमाणे ते एका गायकीचे प्रवर्तक नव्हते; हिराबाईंप्रमाणे त्यांनी समाजाच्या रूढीला वळण दिले नाही. ह्या दोन्ही पंक्तींत त्यांना बसविण्याचा आग्रह धरला तर ते तेथे लहानच दिसतील. त्यांचे कर्तृत्व तिसऱ्या प्रकारचे आहे. एका मोठ्या गायकाची वैयक्तिक शैली दुसऱ्यांना शिकता येईल अशा रूपात आणणे, आणि ती शिकविताना शिकणाऱ्याचा स्वतःचा आवाज मोडू न देणे, हे ते कर्तृत्व होय. पित्याची नक्कल करणारे पुष्कळ निघाले असते. पित्याच्या गाण्यातील तत्त्व वेगळे काढून ते स्त्रीपुरुषांच्या, गायक-समीक्षकांच्या भिन्न प्रकृतींत रुजविणे हे नक्कल करणाऱ्याला साधत नाही. ह्या कामाला मराठी समीक्षेत अद्याप नाव नाही. 'तालीम' हा शब्द आहे, पण तो शिकणाऱ्याच्या बाजूने वापरला जातो; देणाऱ्याच्या बाजूने त्याचा विचार झालेला नाही.

तो विचार सुरू व्हावयाचा तर आरंभ अगदी साध्या ठिकाणी करता येईल. कोशांतील आणि इतिहासग्रंथांतील नोंदीत सुरेशबाबू माने ह्या नावापुढे नाते लिहिण्यापूर्वी काम लिहावे. आणि हिराबाईंच्या नोंदीत, जेथे गुरूंची नावे येतात तेथे, ते नाव बंधू म्हणून न येता गुरू म्हणून यावे. एवढे झाले म्हणजे कोणाचाही प्रकाश कमी होणार नाही. फक्त तो कोठून आला हे वाचकाला कळू लागेल.